भडंगाचं पाकीट का फुगलं? उंच शिखराची चढण समजून घेताना

उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखराच्या वाटेवर, वरच्या मुक्कामी, साधारण ३४०० मीटरवर, आमच्यातल्या एकानं सॅकमधून भडंगाचं पाकीट काढलं. कोल्हापुरातून निघताना सपाट असलेलं ते पाकीट उशीसारखं टरारून फुगलं होतं. बोटानं दाबलं की लगेच परत वर यायचं. तंबूच्या कोपऱ्यात आमचा सगळ्यात दणकट गडी डोकं धरून बसला होता. लहानपणापासून तालमीत घाम गाळलेला, पन्हाळ्याची चढण पळत चढणारा. "भावा, डोकं लई ठणकतंय. जेवणाचा वासबी नको वाटाय लागलाय," एवढंच बोलला आणि पुन्हा गुडघ्यात डोकं घालून बसला. त्याच्या शेजारी आमच्या गटातल्या ५८ वर्षांच्या काकू निवांत गरम सूप पीत होत्या.

पाकीट फुगण्याचं आणि गड्याचं डोकं धरण्याचं कारण एकच होतं. ते आम्हाला तेव्हाच कळलं असतं तर आदल्या दोन दिवसांत आम्ही त्याला सगळ्यांच्या पुढे पळू दिलं नसतं. कोल्हापुरातून दरवर्षी कितीतरी मंडळी हिमालयात जातात. कुणी ट्रेकला, कुणी केदारनाथला, कुणी बुलेट घेऊन लेह-लडाखला. त्यातल्या बहुतेकांना वाटतं की पाय आणि छाती भक्कम असली की झालं. म्हणून हे नीट सुटं करून सांगावंसं वाटतं.

उंच डोंगर चढताना तुमच्या दोन वेगवेगळ्या परीक्षा चालू असतात. एक चढाची आणि दुसरी उंचीची. चढाची तयारी आपल्याला जोतिबा, पन्हाळा, रांगणा इथं करता येते. उंचीची तयारी कोल्हापूर जिल्ह्यात कुठेच करता येत नाही. कळसूबाई हे महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर १६४६ मीटरचं आहे, आणि उंचीचा त्रास साधारण २५०० मीटरच्या पुढे सुरू होतो. म्हणजे आख्खा सह्याद्री पालथा घातलेला माणूससुद्धा या दुसऱ्या परीक्षेला पहिल्यांदाच बसत असतो.

आधी चढाचं बघू, कारण ते आपल्या अंगणातलं आहे.

कोल्हापूर शहरापेक्षा पन्हाळा साधारण ४०० मीटरनं उंच आहे. ७० किलोच्या माणसानं स्वतःला ४०० मीटर वर उचलून न्यायचं, तर निव्वळ वजन उचलण्याचं काम होतं सुमारे ६५ किलोकॅलरीचं. ऐकायला किरकोळ वाटतं. पण आपले स्नायू जेवढं इंधन जाळतात त्याचा साधारण चौथा भागच कामाला लागतो, बाकीची उष्णता होते आणि घामावाटे जाते. त्यामुळे खरा खर्च २६० किलोकॅलरीच्या घरात जातो. आपल्या भाषेत सांगायचं तर साधारण ७० ग्रॅम गूळ, म्हणजे लिंबाएवढे दोनेक खडे. १००० मीटरची चढण असेल तर अडीचपट. पाठीवर दहा किलोची सॅक असेल तर तिचाही हिशेब वेगळा.

आता खरी मेख इथं आहे. हे ४०० मीटर तुम्ही एका तासात चढा की दोन तासांत, उचलण्याचं काम तेवढंच राहतं. बदलतो तो इंधन जाळण्याचा वेग. सावकाश चढलात तर फुप्फुसं आणि हृदय मागणीएवढा प्राणवायू पुरवू शकतात आणि शरीर चरबीचाही बराच वापर करतं. चरबीचा साठा बारीक माणसाकडेही भरपूर असतो. वेग एका मर्यादेपलीकडे गेला की पुरवठा कमी पडतो, स्नायू साठवलेली साखर भराभर संपवू लागतात, मांड्या भरून येतात, धाप लागते आणि माणूस दगडावर बसकण मारतो. पाच मिनिटं बसला की अंग थंड पडतं, पुन्हा उठून पळतो, पुन्हा बसतो. ही साखर सगळी मिळून चार-पाचशे ग्रॅमच असते. सकाळी दहालाच ती उधळली की दुपारची धार चढायला काही उरत नाही.

ती मर्यादा ओळखायला घड्याळ लागत नाही. चढताना शेजारच्याशी एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता आलं पाहिजे. बोलताना मध्येच श्वास घ्यावा लागत असेल तर वेग जास्त आहे. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठाराच्या बाजूला धनगरवाड्यावरच्या आज्या डोक्यावर मोळी घेऊन चढ चढताना बघा. पाऊल छोटं, वेग कमी, पण तो तुटत नाही. शहरातून गेलेली पोरं त्यांना दोनदा मागे टाकतात आणि वर पोचल्यावर आजी आधीच सावलीत बसलेली दिसते.

खड्या चढावर वापरायची एक पायरी आहे, ती सविस्तर सांगतो. पुढचा पाय वरच्या दगडावर ठेवायचा, पण त्यावर लगेच भार टाकायचा नाही. मागच्या पायाचा गुडघा सरळ करायचा आणि सगळं वजन त्या सरळ पायावर सोडून द्यायचं. त्या क्षणी वजन मांडीवर नसतं, हाडांवर असतं. पुढच्या पायाची मांडी हातानं चाचपून बघा, ती सैल लागली पाहिजे. एक श्वास सोडायचा. मग भार पुढे न्यायचा, उठायचं, मागचा पाय त्याच्या वरच्या दगडावर ठेवायचा, आणि आता मागे राहिलेल्या पायावर तेच. अशी प्रत्येक पावलाला मांडीला क्षणभर सुट्टी मिळते. जोतिबाच्या पायऱ्यांवर पहिल्या दिवशी हे फार अवघडल्यासारखं वाटतं. चार रविवार केलं की अंगात मुरतं. हजार पावलांच्या चढावर हजार सुट्ट्या मिळतात, त्या शेवटच्या तासाला कळतात.

वेळेचा अंदाज बांधायला विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ साली मांडलेलं गणित अजून उपयोगी पडतं. सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास, आणि वर चढायच्या प्रत्येक ६०० मीटरला आणखी एक तास. म्हणजे सहा किलोमीटरच्या वाटेत ९०० मीटर चढ असेल तर पावणेतीन तास, तेही न थांबता, चांगल्या वाटेवर. घसारा, बर्फ, विरळ हवा असेल तर हे दुप्पट धरावं. हिमालयात दुपारनंतर ढग आणि वारा येण्याची शक्यता जास्त असते, म्हणून शिखरासाठी पहाटे अंधारात निघतात. "अमुक वाजेपर्यंत शिखर आलं नाही तर जिथं असू तिथून मागे फिरायचं" ही वेळ आदल्या रात्रीच ठरवून ठेवावी. शिखर शंभर मीटरवर दिसत असताना असला निर्णय घेणं कुणालाच जमत नाही.

आता उंचीची परीक्षा.

"वर ऑक्सिजन कमी असतो" असं आपण म्हणतो, ते अर्धंच खरं आहे. हवेतलं प्राणवायूचं प्रमाण कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर २१ टक्के असतं आणि एव्हरेस्टवरही २१ टक्केच असतं. कमी होतो तो हवेचा दाब. हवेलाही वजन आहे. समुद्रकाठी आपल्या डोक्यावर सगळ्यात जाड थर असतो, जसजसं वर जावं तसतसा तो पातळ होतो. समुद्रसपाटीचा दाब शंभर धरला तर कोल्हापुरात तो ९४ च्या आसपास असतो. ३४०० मीटरवर ६६. ५५०० मीटरवर निम्मा आणि एव्हरेस्टच्या माथ्यावर जेमतेम एक तृतीयांश. भडंगाच्या पाकिटात कोल्हापूरच्या दाबाची हवा बंद होती. बाहेरचा दाब घटला, आतली हवा पसरली आणि पाकीट फुगलं.

फुप्फुसातला प्राणवायू रक्तात उतरतो तो या दाबाच्या जोरावर. घरावरच्या टाकीचं उदाहरण घ्या. टाकी तिसऱ्या मजल्यावर असली की न्हाणीघरात नळाला जोराची धार येते. तीच टाकी, तेवढंच पाणी, पण पहिल्या मजल्याच्या उंचीवर आणून ठेवली तर धार बारीक होते. पाणी कमी झालेलं नसतं, ढकलणारा जोर कमी झालेला असतो. उंचावर रक्तात उतरणाऱ्या प्राणवायूची धार अशीच बारीक होते. करोनानंतर बोटाला लावायचं ऑक्सिमीटर बऱ्याच घरांत आहे. इथं ९७-९८ दाखवणारं ते यंत्र साडेतीन हजार मीटरवर नव्वदच्या आसपास दाखवतं. कोल्हापुरात हा आकडा पाहून आपण दवाखान्यात धावलो असतो. तिथं नव्यानं पोचलेल्या धडधाकट माणसातही तो दिसतो, म्हणून आकड्यापेक्षा माणसाच्या लक्षणांकडे जास्त लक्ष द्यायचं.

बारीक धार आली की शरीर हात बांधून बसत नाही. मानेतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांपाशी प्राणवायूची पातळी जोखणारे दोन इवलेसे पहारेकरी आहेत. ते काही मिनिटांत मेंदूला खबर देतात आणि श्वास जलद व खोल होतो. हृदयाचे ठोके वाढतात. पण जलद श्वासाबरोबर कार्बन डायऑक्साइडही जास्त बाहेर जातो आणि त्यामुळे रक्ताचा आम्लपणा घटतो. हे मेंदूला चालत नाही, तो श्वासाला ब्रेक लावतो. म्हणजे एक यंत्रणा म्हणते श्वास वाढव, दुसरी म्हणते थांब. पहिल्या एक-दोन रात्री ही ओढाताण चालते. झोपेत तर ती कानानं ऐकू येते. शेजारी झोपलेल्या मित्राचा श्वास वाढत जातो, मग काही सेकंद पूर्ण थांबतो, आणि मोठा उसासा टाकून पुन्हा सुरू होतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी टॉर्च लावून उठून बसलो होतो. उंचीवर हे बहुतेकांना होतं आणि एरवी बरा असलेल्या माणसाला त्यातून धोका नसतो.

ही ओढाताण मिटवतात ती मूत्रपिंडं. ती रक्तातला बायकार्बोनेट हा क्षार लघवीवाटे बाहेर टाकू लागतात, रक्ताचा तोल परत येतो आणि ब्रेक सैल होतो. मग श्वास मोकळेपणी वाढवता येतो. उंचावर वारंवार लघवीला लागतं त्याचं एक कारण हेच, त्यामुळे रात्री थंडीत उठायचा कंटाळा म्हणून पाणी तोडू नका. हे काम उरकायला मूत्रपिंडांना काही दिवस लागतात. नव्या तांबड्या पेशी तयार व्हायला तर आठवडे जातात. या सगळ्याला मिळून आपण "हवा मानवणं" म्हणतो. गावाकडचा जुनाच शब्दप्रयोग आहे, आणि तो इथं अगदी नेमका बसतो.

म्हणजे हवा मानवायला लागतो वेळ. जोर-बैठका, धावणं, सूर्यनमस्कार यांनी तो कमी होत नाही. कमावलेलं शरीर आणि उंचीचा त्रास यांचा फारसा संबंध नाही. उलट दणकट माणसाला एक जादा धोका असतो. त्याचे पाय त्याला एका दिवसात इतक्या उंचीवर नेऊन ठेवतात, जिथवर त्याची मूत्रपिंडं अजून पोचलेली नसतात. आमच्या गड्याचं हेच झालं. काकू शेवटी यायच्या, त्यांना दम लागायचा म्हणून त्या आपोआप सावकाश चालायच्या. शिवाय कुणाला त्रास होतो, कुणाला होत नाही, यात जन्मजात फरकही असतो. पूर्वी कधी त्रास झालेला असेल तर तोच पुढचा सगळ्यात भरवशाचा इशारा.

वेळेचं महत्त्व किती, हे दोन घटना शेजारी ठेवल्या की कळतं. १५ एप्रिल १८७५ ला फ्रान्समध्ये तीन जण झेनिथ नावाच्या बलूनमधून उडाले आणि काही तासांत आठ हजार मीटरच्या वर गेले. प्राणवायूच्या पिशव्या बरोबर होत्या, पण नळी तोंडाला लावायला हात उचलेना. तिघंही बेशुद्ध झाले. बलून खाली आला तेव्हा गास्तों तिसांदिए एकटा जिवंत होता. ८ मे १९७८ ला राइनहोल्ड मेसनर आणि पीटर हाबेलर त्याहून उंच, एव्हरेस्टच्या माथ्यावर, बाटलीबंद प्राणवायूशिवाय उभे राहिले आणि आपल्या पायांनी खाली आले. बलूनमधली माणसं काही तासांत वर गेली होती. हे दोघं काही आठवडे डोंगरावर राहून, वरच्या छावणीपर्यंत जाऊन पुन्हा खाली येत, शरीराला सवय लावत गेले होते. आपल्या कोल्हापूरची कस्तुरी सावेकर २०२२ च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर पोचली. अशा मोहिमा महिना-दोन महिने चालतात, त्यातला मोठा भाग हवा मानवून घेण्यातच जातो.

आपल्यासारख्यांसाठी जगभरचे डॉक्टर सांगतात तो नियम सोपा आहे. ३००० मीटरच्या वर गेल्यावर आजची झोपायची जागा कालच्यापेक्षा ५०० मीटरहून जास्त उंच नको, आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर जादा काढायची. दिवसा त्याहून वर फिरून आलात तर चालतं, उलट चांगलंच. महत्त्वाची आहे ती झोपेची उंची. ट्रेकचा कार्यक्रम हातात आला की किंमत बघायच्या आधी मुक्कामाच्या गावांसमोरचे मीटरचे आकडे वाचा. एक दिवस वाचवून स्वस्तात नेणारा कार्यक्रम बहुधा हा जादा मुक्कामाचाच दिवस वाचवत असतो.

लक्षणं ओळखायला डॉक्टर असावं लागत नाही. उंचावर डोकं दुखतंय आणि जोडीला मळमळ, भूक मरणं, गरगरणं किंवा न सोसणारा थकवा आहे, तर तो उंचीचाच त्रास समजायचा. "पित्त झालंय", "काल तिखट जास्त झालं" असली कारणं शोधत बसायचं नाही. तिथंच थांबायचं, वर जायचं नाही. एका दिवसात उतार पडला नाही किंवा वाढलं तर खाली यायचं. दारू आणि झोपेच्या गोळ्या यांनी श्वास आणखी मंदावतो, त्या अजिबात नकोत. डायमॉक्स ही गोळी मूत्रपिंडांचं ते क्षार टाकायचं काम लवकर सुरू करून देते, म्हणून तिचा उपयोग होतो. पण ती घ्यायची की नाही आणि किती, हे निघायच्या आधी आपल्या डॉक्टरांना विचारूनच, विशेषतः सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर.

दोन लक्षणं मात्र अशी की तिथं सकाळची वाट बघायची नाही. एक म्हणजे बसल्या जागी धाप लागणं, खोकला, गुलाबी फेसासारखी थुंकी. फुप्फुसात पाणी साचायला लागलेलं असतं. दुसरं, माणूस असंबद्ध बोलतो, झोकांड्या खातो. जमिनीवर सरळ रेघ समजून टाचेला अंगठा लावत दहा पावलं चालायला सांगा. तोल गेला तर मेंदूला सूज येते आहे असं धरून चाला. दोन्हीला खरा उपाय एकच, ताबडतोब खाली नेणं, अंधार असला तरी, आणि त्याला एकट्याला न पाठवता. उपलब्ध असेल तर प्राणवायू लावावा, पण त्यासाठी उतरणं थांबवू नये.

केदारनाथला जाणाऱ्या आई-वडिलांसाठी थोडं वेगळं सांगायला हवं. गौरीकुंड साधारण १९८० मीटरवर आहे आणि मंदिर ३५८० मीटरवर. एकाच दिवसात १६०० मीटर चढ होतो, हेलिकॉप्टरनं तर काही मिनिटांत. वर मुक्कामाचा हट्ट नसेल तर दर्शन घेऊन लवकर खाली उतरणं बरं. हृदयाचा, फुप्फुसाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर तपासणी आधी, तिकीट नंतर. लेहला विमानानं उतरणाऱ्यांनी पहिले दोन दिवस गावातच काढावेत, बाइक भाड्यानं मिळत असली तरी.

थंडीचं गणित छोटं आहे. दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश तापमान उतरतं. कोल्हापूर आणि ३४०० मीटरचा मुक्काम यांत नुसत्या उंचीनं १८ अंशांचा फरक पडतो, उत्तरेचा हिवाळा त्यावर आणखी.

राहिली उतरण. गुडघे जातात ते उतरताना. चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तो भार पेलत पेलत लांब होतो, ब्रेक लावल्यासारखा. त्यात त्याच्या तंतूंना बारीक इजा होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना जीव जातो. गंमतीचा भाग असा की एकदा अशी उतरण पचवली की पुढचे काही आठवडे स्नायू पुष्कळ कमी दुखतात. म्हणून हिमालयात जायच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत एकदा तरी लांब उतरण उतरून या. गुडघे किंचित वाकवून, पाऊल छोटं ठेवून, दोन्ही हातांत काठ्या घेऊन.

आमच्या गड्याला त्या रात्री पाणी आणि साधी डोकेदुखीची गोळी देऊन झोपवलं. सकाळीही डोकं उतरलं नव्हतं, म्हणून आम्ही शिखराकडे गेलो आणि तो वाटाड्याबरोबर खालच्या मुक्कामी उतरला. साडेसहाशे-सातशे मीटर खाली आल्यावर दुपारी त्यानं दोन ताटं भात खाल्ला. यंदा तो पुन्हा जातोय, तीन हजारांच्या जवळ एक जादा रात्र काढून. गेल्या रविवारी पन्हाळ्याच्या राजदिंडीतून तुरुकवाडीला उतरून आम्ही मसाई पठार चढलो. पूर्ण चढाच्या वाटेवर तो माझ्या मागं होता आणि बोलत होता.